एचआयव्हीने खचलेल्या घराला हात देताना: आफ्रिकेतील खेड्यांचा अनुभव आणि नागपूर जिल्ह्यातील काम

नागपुरातील समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर या तालुक्यांतील गावांत जातात. तेथे एचआयव्हीसह जगणारे एखादे कुटुंब आहे असे कळले, की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा औषधाचा असतो: गोळ्या सुरू आहेत का? प्रश्न रास्त आहे, परंतु तेवढ्यावर थांबून चालत नाही. भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीविरोधी औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली आणि ती नेमाने घेणारा माणूस आज पूर्ण आयुष्य जगू शकतो. तरीही त्याच माणसाचे घर कर्जात बुडते, मोठी मुलगी शाळेतून निघते, वावराचा सातबारा भावकीच्या नावावर फिरतो. आजार आटोक्यात असताना घर कसे मोडते आणि कशाने सावरते, याचा दीर्घ अनुभव युगांडा, टांझानिया, झांबिया, मलावी, झिंबाब्वे या देशांतील खेड्यांच्या गाठीशी आहे. त्या अनुभवातले काय उचलावे, काय सोडावे आणि प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे. विद्यार्थ्यांइतकेच ते आशाताई, बचत गटाच्या प्रेरिका, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनाही उपयोगी पडावे.

आधी एक फरक ध्यानात ठेवावा. एस्वातिनी, म्हणजे पूर्वीचे स्वाझिलँड, या देशात दर चार प्रौढांमागे साधारण एक जण एचआयव्हीसह जगतो. भारतात २०२३ च्या अंदाजानुसार प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के आहे. एकूण संख्या मात्र २५ लाखांच्या पुढे जाते. तिकडे एकेका गावात कितीतरी घरांनी तेच दुःख सोसले आणि ते शेजाऱ्यांना, चर्चला, गावप्रमुखाला दिसत होते. आपल्याकडे गावात असे घर एखाददुसरेच असते आणि ते स्वतःला लपवून असते. त्यामुळे तिथल्या मदतीमागचा विचार आपल्या कामाचा आहे, पण तिथली उघड पद्धत जशीच्या तशी आणली तर घराचे नुकसानच होईल.

घर कोणत्या पायरीवर आहे ते आधी पाहावे

शेतीच्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की दोन माणसांचे हात जातात, कारण दुसरे माणूस त्याच्या उशाशी बसते. पेरणी आणि निंदणाचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील अनेक अभ्यासांत दिसले, की अशा घराची घसरण सहसा एका ठरावीक क्रमाने होते. आरंभी शिल्लक संपते, कोंबड्या आणि बकऱ्या विकल्या जातात, नातेवाइकांकडून उसने आणले जाते, जेवणाची एक वेळ कमी होते. इथपर्यंतचे नुकसान एखाद्या बऱ्या हंगामात भरून येऊ शकते. त्यापुढे बैल आणि नांगर विकला जातो, बियाण्यासाठी राखलेले धान्य खाल्ले जाते, जमीन गहाण पडते किंवा जाते आणि मुले शाळेतून काढली जातात. या दुसऱ्या टप्प्यावर गेलेले घर पाऊस चांगला झाला तरी सहसा वर येत नाही.

हाताची कमतरता पिकांतही दिसली. मका सोडून काही घरे कसाव्याकडे वळली, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याकडे, कारण त्याला मेहनत कमी लागते आणि तो जमिनीत वाट पाहत राहतो. पोट भरते, पण त्यात प्रथिने नावापुरती; वाढत्या वयाच्या मुलांना ते भारी पडते. २००२ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांत अन्नटंचाई आली, तेव्हा ॲलेक्स डी वाल आणि ॲलन व्हाइटसाइड या अभ्यासकांनी २००३ मध्ये असे मांडले, की हा दुष्काळ नेहमीसारखा नाही. पूर्वी संकट टळल्यावर घरे सावरत असत, आता सावरणारी माणसेच उरलेली नाहीत. त्यांच्या मांडणीवर पुढे वाद झाला आणि सगळ्या प्रदेशांना ती सारखी लागू पडत नाही. एकेका घराच्या पातळीवर मात्र ती पटते.

नागपूर जिल्ह्यात हाच उतार वेगळ्या खुणांनी ओळखता येतो. त्यासाठी भेटीत उत्पन्नाचा आकडा विचारू नये. तो कोणी खरा सांगत नाही आणि सांगितला तरी त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी यंदा डवरणी कोणाच्या बैलांनी झाली, निंदणाला मजूर लावले की घरच्यांनीच केले, बचत गटाचा हप्ता कधीपासून राहिला, वावर मक्त्याने दिले आहे का, घरातले कोणी सालदार म्हणून राहिले आहे का, असे प्रश्न गप्पांच्या ओघात विचारावेत. गटाचा हप्ता थकला आहे, पण बैलजोडी गोठ्यात आहे, असे घर अजून पहिल्या टप्प्यावर आहे, आणि आपली सर्व शक्ती त्याला तिथेच थोपवण्यात लावावी. बैलजोडी विकल्यानंतर जाग आली तर तेच काम कितीतरी महाग पडते. माझ्या मते कार्यकर्त्यांचा सर्वांत मोठा वेळ इथेच वाया जातो: ते सर्वांत मोडलेले घर शोधत फिरतात आणि मोडू लागलेले घर नजरेआड करतात.

अशा घराला पैशापेक्षा हातांची मदत अनेकदा जास्त उपयोगी पडते. स्वाझिलँडमध्ये गावप्रमुखाच्या शेतात सामुदायिक मेहनतीने पीक घेऊन ते अनाथ मुलांसाठी राखण्याची जुनी रीत या साथीच्या काळात पुन्हा वापरात आणली गेली. आपल्याकडे सावड आहे. बचत गटातील चारपाच जणींनी निंदणाच्या ऐन दिवसांत दोन दिवस एखाद्या बाईच्या वावरात हात लावला, तर तिचे कापसाचे पीक तणात जात नाही, आणि सावड सगळ्यांचीच असल्यामुळे हिलाच का, असा प्रश्नही कोणी विचारत नाही.

मृत्यूनंतरच्या खर्चाचाही विचार आधी करावा. टांझानियाच्या कागेरा भागात, जिथे त्या देशातील एड्सचे पहिले रुग्ण १९८३ मध्ये आढळले, तिथल्या पाहणीत कुटुंबांनी उपचारांपेक्षा अंत्यविधीवर अधिक खर्च केल्याचे दिसले. तेरवीसाठी काढलेले कर्ज हे आपल्याकडेही बैल विकले जाण्याचे नेहमीचे कारण आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाशी, शक्यतो मामाशी किंवा आत्याशी, आधीच बोलून ठेवले तर गोड जेवणाच्या पंगती आवरता येतात. हे बोलणे बाहेरच्या कार्यकर्त्याने स्वतः करू नये. त्याचे ऐकणारा कोणी नसतो.

दारात कसे जावे

संस्थेचे नाव रंगवलेली गाडी दारात उभी करू नये, गळ्यात ओळखपत्र लटकवून गल्लीत शिरू नये आणि फोटो तर मुळीच काढू नये. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला; त्यानुसार एखाद्याची एचआयव्हीविषयक माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. घरच्या सासूला आणि गावच्या सरपंचाला सांगायचे की नाही, हेही त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते. आशाताईला सोबत घ्यायचे की नाही, हे आधी त्या व्यक्तीला विचारावे. गाव लहान असेल आणि आशाताई त्याच भावकीतली असेल, तर अनेक स्त्रिया नको म्हणतात. ते मान्य करावे आणि भेट रुग्णालयात ठेवावी.

भेटीमुळे घर ओळखू येऊ नये, यासाठी झिंबाब्वेतील मुटारे येथे निघालेला उपाय आपल्यालाही लागू पडतो. तेथे बालरोगतज्ज्ञ जेफ फॉस्टर यांनी सुरू केलेल्या संस्थेने १९९० च्या दशकात चर्चमधील स्थानिक स्त्रियांना स्वयंसेविका म्हणून तयार केले आणि त्या गावातील सर्वांत गरजू मुलांच्या घरी नियमित जाऊ लागल्या. मुलाचे आईवडील कशाने गेले, हा प्रश्न निवडीत नव्हता. पुढे २००९ मध्ये मुले आणि एड्स यांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानेही हेच सांगितले, की मदत गरजेप्रमाणे द्यावी. एड्सचे अनाथ असे लेबल लावून दिलेल्या मदतीने मूल गावात वेगळे पडते आणि शेजारचे तितकेच गरीब घर रागावते. नागपूर जिल्ह्यात याचे भाषांतर सोपे आहे. गल्लीतल्या चारपाच घरांना भेटी द्याव्यात, त्यांत विधवेचे घर असावे, शेतकरी आत्महत्येचे घर असावे, सिकलसेलचे मूल असलेले घर असावे, आणि एचआयव्ही असलेले घर त्यांतलेच एक असावे. सगळीकडे एकच चौकशी करावी आणि सगळ्यांना योजनांची माहिती खरोखर द्यावी. हा केवळ आडोसा नाही. त्या इतर घरांनाही ती माहिती लागतेच.

मूल कोणाकडे राहील

आफ्रिकेतील अनाथ म्हटले की एकटी मुलेच घर चालवतात, असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात अशी घरे फार थोडी निघाली. २००९ च्या त्याच अहवालाने दाखवले, की आंतरराष्ट्रीय आकडेवारीत अनाथ म्हणून मोजलेल्या मुलांपैकी सुमारे ८८ टक्के मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. म्हणून मुलाच्या भल्यासाठी पहिले काम आई किंवा वडील जे कोणी उरले असतील त्यांना औषधावर टिकवणे आणि कमावते ठेवणे हेच आहे. बालगृहाचा विचार शेवटी करावा. कागेरामध्ये केलेल्या हिशेबात बालगृहात मूल सांभाळण्याचा खर्च कुटुंबात सांभाळण्याच्या सुमारे सहापट निघाला होता, आणि घर तुटण्याची किंमत त्यात धरलेलीच नव्हती.

दोघेही गेले असतील तर मूल कोणत्या नातेवाइकाकडे द्यायचे, यावर अभ्यासाचा आधार आहे. ॲन केस, क्रिस्टिना पॅक्सन आणि जोसेफ एबलडिंगर यांनी आफ्रिकेतील १० देशांच्या १९९२ ते २००० या काळातील पाहण्या तपासल्या, तेव्हा अनाथ मुलांचे शाळेतले प्रमाण कमी असण्यामागे घराच्या गरिबीपेक्षा घरप्रमुखाशी असलेले नाते अधिक कारणीभूत दिसले. नाते जितके लांबचे, तितकी शाळा सुटण्याची शक्यता जास्त. त्यामुळे तालेवार चुलत काकापेक्षा गरीब आजी बरी, असे मी ठामपणे म्हणेन, पण आजीच्या हाती पैसा पोहोचेल याची व्यवस्था आधी करावी लागते. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये मुलांसाठी मासिक अनुदान सुरू केले, तेव्हा ते मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याच्या हाती देण्याचे ठरवले, मग ती आई असो वा आजी.

आपल्याकडे त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो आणि बालकल्याण समितीसमोर मुलाला आणि सांभाळणाऱ्याला उभे राहावे लागते. मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक एवढे कागद आधीच जुळवून एका पिशवीत ठेवावेत, कारण उमरेडहून एका सहीसाठी दुसऱ्यांदा नागपूरला यायचे म्हणजे आजीची दिवसाची मजुरी जाते. एचआयव्ही असलेल्या प्रौढासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि आजीचे वय ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना. दोन्हींचे काम तहसील कार्यालयातून चालते.

मूल ठेवल्यानंतरची देखरेख ही भेट देऊन चहा पिण्यापेक्षा वेगळी असते. त्या घरात पाणी कोण भरते, ताटे कोणाची आधी वाढली जातात, दप्तर खुंटीला आहे की माळ्यावर, घरच्या मुलांच्या पायात चप्पल आहे आणि या मुलाच्या पायात नाही असे तर नाही ना, हे डोळ्यांनी टिपावे. मुलाला सर्वांसमोर, इथे बरे वाटते का, असे विचारून काहीही कळत नाही. भावंडांना शक्यतो वेगवेगळ्या घरांत वाटून देऊ नये. थोरली बहीण मामाकडे आणि धाकटा काकाकडे, ही वाटणी मोठ्यांना सोयीची असते, मुलांना नाही.

कागद वेळेवर करावेत

नवरा गेल्यावर त्याच्या नातेवाइकांनी घरातली भांडी, गुरे, सायकल आणि जमीन उचलून नेण्याचे प्रकार झांबियात इतके होत, की १९८९ मध्ये तेथे मृत्युपत्राविना मरण पावलेल्याच्या वारसांसाठी कायदा करावा लागला; त्याने मालमत्तेतील निम्मा वाटा मुलांना आणि २० टक्के जोडीदाराला ठरवून दिला. कायदा झाला तरी खेड्यांत विधवेच्या हातात कागद नसल्यामुळे लूट थांबायला फार वेळ लागला. युगांडात १९८७ मध्ये नोएरिन कालिबा यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर टासो ही एड्सग्रस्तांना आधार देणारी संस्था उभी केली. तिथल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी पुढे मृत्युपत्र लिहिण्याची आणि मुलांसाठी आठवणींची वही लिहिण्याची चळवळ चालवली.

विदर्भात भांडी कोणी नेत नाही, सातबारा नेतात. तुझ्यामुळेच आमचा पोरगा गेला, असे म्हणून सुनेला माहेरी पाठवले जाते आणि ती तिकडे असताना वारसांची नोंद तिच्या दिराच्या सोयीने होते. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचा वाटा समान असतो, आणि माहेरी गेल्याने तो जात नाही. वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. म्हणून तेरवी आटोपताच मृत्यूचा दाखला काढावा, सर्व वारसांची नावे घालून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असे समजावे. एचआयव्ही कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना आणि स्त्रियांना राहत्या घरातून न काढण्याचा हक्क दिला आहे, हे दिराला शांतपणे, शक्यतो दोन वडीलधाऱ्यांसमोर, सांगावे. बहुतेक वेळा पोलीस ठाण्यापर्यंत जावे लागत नाही.

याच कायद्यातली दोन कलमे कार्यकर्त्यांनाही सहसा ठाऊक नसतात. आई किंवा वडील हयात असतानाच, आपण अक्षम झाल्यावर किंवा गेल्यावर मुलाचा पालक कोण, हे लिहून ठेवू शकतात. दुसरे असे, की एचआयव्हीने प्रभावित घरातील १२ ते १८ वयाचे पुरेसे समजदार भावंड धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते, उपचार, मालमत्तेची देखभाल अशा कामांसाठी चालते. पंधरा वर्षांची बहीण धाकट्या भावाला घेऊन शाळेच्या कार्यालयात उभी राहिली आणि मोठ्या माणसाला घेऊन ये म्हणून तिला परत पाठवले, तर कायद्याची प्रत बरोबर असावी. अर्थात अशा घरातही पाठीशी उभे राहणारे एक प्रौढ माणूस शोधावेच. कायदा मुलीला सही करू देतो, तिचे ओझे हलके करत नाही.

आठवणींच्या वहीसाठी साधी दोनशे पानी वही पुरते. तीत मुलाचा जन्म कुठे झाला, लसीकरण कोणते झाले, आजोळचे गाव आणि मामांची नावे, वडिलांचा स्वभाव, जमिनीचा गट क्रमांक, बँक खाते आणि आईला जे सांगावेसे वाटेल ते असावे. आई ठणठणीत असतानाच ती सुरू करावी. आजारपणात वही पुढे केली तर तिला वाटते, आता आपले दिवस भरले.

गोळी आणि तिच्याभोवतीचे सगळे

औषध पोहोचण्याची कहाणी आफ्रिकेत आणि भारतात एकमेकांत गुंतलेली आहे. २००० मध्ये तीन औषधांच्या वर्षभराच्या उपचाराचा खर्च माणशी १०,००० डॉलरच्या पुढे होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला आणि किमती कोसळल्या. नंतर झालेल्या संशोधनातून हेही स्पष्ट झाले, की औषधाने विषाणू रक्तात सापडणार नाही इतका दबला तर लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. जोडप्यांना हे आवर्जून सांगावे.

अडते ते बसभाड्यावर, बुडालेल्या मजुरीवर आणि रिकाम्या पोटावर. पश्चिम केनियातील एल्डोरेट येथे मोई विद्यापीठाशी जोडलेल्या ॲम्पाथ या उपक्रमाला लवकरच कळले, की गोळ्या घेणाऱ्यांच्या घरात अन्नच नाही, आणि त्यांनी रुग्णांसाठी शेते लावली. आपण शेत लावू शकणार नाही, पण रेशनचे धान्य पूर्ण मिळते का, अंगणवाडीचा पोषण आहार मुलाला पोहोचतो का, एवढे तपासू शकतो. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांना प्रवाससवलत आहे, तिचा पास काढून द्यावा. नागपूरच्या मेडिकलमधील (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील) एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे देणाऱ्या केंद्रावर, दरमहा येणे जमत नसेल, तर तालुक्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या मिळू शकतात का, हे समुपदेशकाला विचारावे.

घरात एक गोष्ट हमखास दिसते. बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढलेले असते, किंवा गोळ्या हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत ओतून फडताळात मागे सारलेल्या असतात, पाहुणे आले की ती डबी पिठाच्या डब्यात जाते आणि त्या दिवशीची गोळी राहते. रागावू नये. मूळ बाटलीवर कागद चिकटवून ती कपड्यांच्या घडीत ठेवायला सांगावी, म्हणजे गोळ्या दमट होत नाहीत आणि केंद्रावर मोजताही येतात. गोळीची वेळ घड्याळापेक्षा घरातल्या नेमाशी बांधावी: आजीची रात्रीची पोथी, किंवा टीव्हीवरची तिची मालिका.

लहान मुलांबाबत घाई करावी, कारण उपचार नसतील तर एचआयव्ही घेऊन जन्मलेली निम्मी बालके दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. दक्षिण आफ्रिकेत तान्ह्या मुलांना निदान होताच औषध सुरू केले, तेव्हा मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात होते आणि अंतिम खात्री १८ महिन्यांना. मधल्या काळात, बाळ तर चांगले दिसते, म्हणून आई फिरकत नाही, तेव्हा तारखा आपण लिहून ठेवाव्यात. मुलांसाठी आता पाण्यात विरघळणारी गोळी आली आहे, त्यामुळे कडू औषध पाजण्याची रोजची झटापट पुष्कळ कमी झाली.

मुलाला केव्हा सांगायचे, हा प्रश्न आजी हमखास पुढे ढकलते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचवले, की ६ ते १२ या वयात, मुलाच्या समजुतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने सांगावे. पंधराव्या वर्षी इंटरनेटवर गोळीचे नाव शोधून मुलाला कळले तर त्याचा पहिला राग गोळीवर निघतो. झिंबाब्वेतील झ्वांदिरी उपक्रमात एचआयव्हीसहच वाढलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन लहान मुलांच्या घरी पाठवतात. समुपदेशकाच्या तासाभराच्या बोलण्याने जे होत नाही, ते असा एक दादा समोर बसून आपली गोळी खाऊन दाखवतो तेव्हा होते. केंद्रावर तसा तरुण मिळेल का, हे जरूर पाहावे.

मोठ्या मुलीकडे वेगळे लक्ष

आजारी माणसाची सेवा, धाकट्यांचा सांभाळ आणि चूल हे सगळे जिच्यावर पडते, ती मुलगी शाळेच्या हजेरीपटावरून सर्वांत आधी पुसली जाते. कागेरातील मुलांचा १९९० च्या दशकापासून २००४ पर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा लहानपणी आई गेलेली मुले मोठेपणी सरासरी २ सेंटिमीटर बुटकी राहिली आणि शिक्षणात एक वर्ष मागे पडली. मलावीच्या झोंबा जिल्ह्यात २००८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या पालकांना दरमहा थोडी रोख रक्कम दिली गेली. दीड वर्षाने त्या मुलींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के होते आणि पैसे न मिळालेल्या मुलींमध्ये ३ टक्के. मुलींना कोणी आरोग्याचे धडे दिले नव्हते. हाती स्वतःचे थोडे पैसे असल्यावर पैसेवाल्या मोठ्या पुरुषांपासून त्या दूर राहू शकल्या, असे अभ्यासकांनी दाखवले.

म्हणून बालसंगोपनाचे पैसे घरखर्चात विरून जात असतील, तर आजीशी बोलून त्यातली लहान का होईना रक्कम मुलीच्या खात्यावर आणि तिच्या हिशेबात ठेवावी. सलग आठवडाभर गैरहजेरी दिसली की वर्गशिक्षकाने कळवावे, असे ठरवून घ्यावे, मात्र कारण न सांगता. शाळेला निदान कळण्याची काहीच गरज नसते आणि प्रवेशासाठी तपासणी मागणे बेकायदा आहे. दहावीनंतर लगेच स्थळ आणणाऱ्या मावशीला आपण विरोध करून भागत नाही. त्याच सुमारास वसतिगृहाचा प्रवेश हाती असेल तर मावशी स्वतःच थांबते.

बाहेरचा पैसा आणि आपला निरोप

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत समुपदेशक, घरभेटी करणारे आणि दवाखान्यांतील कर्मचारी यांचे पगार रातोरात बंद झाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्याच मदतीने लाखो जीव वाचवले होते, हेही तितकेच खरे आहे. तिथे सर्वांत आधी उघडे पडले ते बाहेरच्या पगारावर चाललेले काम. नागपूर जिल्ह्यातील लहान संस्थेने म्हणून एखाद्या देणगीदाराच्या पैशातून घराला दरमहा किराणा सुरू करण्याआधी सरकारी योजनेचा अर्ज भरावा आणि देणगी फक्त योजना सुरू होईपर्यंतच्या महिन्यांसाठी वापरावी.

विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य परीक्षेच्या तोंडावर संपते आणि घर अधांतरी राहते. त्यासाठी निरोपाच्या किमान दोन महिने आधीपासून तयारी करावी. घराची फाइल घरातच ठेवावी, महाविद्यालयात नेऊ नये. तीत पुढच्या औषधाची आणि बाळाच्या चाचणीची तारीख, फेरफार अर्जाची पोच, बालसंगोपनाचा अर्ज क्रमांक, एचआयव्हीविषयीच्या मोफत मदतवाहिनीचा १०९७ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला किंवा घराने पसंत केलेल्या ताईला सोबत घेऊन एक भेट द्यावी, आणि त्या भेटीत बोलण्याचे काम त्या नव्या व्यक्तीलाच करू द्यावे.